कोड पुसल्यापासून शून्य किलोमीटर

“मैडम, बस एक लाइन लिख दीजिए. नो फॉल्ट फाउंड. इसमें इतना सोचना क्या?”

डेपो मॅनेजर मिश्राजी बसच्या दारात उभे होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. स्क्रीनवर बसमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एकच आकडा. शून्य.

“एकही फॉल्ट नाही, हेच मला पटत नाहीये,” मी म्हणाले, हिंदीतच; माझं बोलणं इथे बहुतेक मराठीत देते.

“कमाल है. निकले तो दिक़्क़त, न निकले तो भी दिक़्क़त. आप इंजीनियर हैं कि दरोग़ा?”

आधी हे शून्य म्हणजे काय ते सांगते. आजकालच्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, कितीतरी असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, दारांचा वेगळा. काही बिनसलं की ज्याचा तो कॉम्प्युटर एक नोंद करून ठेवतो. तिला आम्ही फॉल्ट कोड म्हणतो. दार नीट लागलं नाही, कोड. बॅटरी थोडी उतरली, कोड. गाडी चालत राहते, ड्रायव्हरला पत्ताही नसतो, पण नोंद आत राहते. आम्ही स्कॅनर जोडून ती वाचतो. लखनौच्या रस्त्यांवर दीड वर्ष धावलेल्या, दिवसभर दारं उघडमीट करणाऱ्या बसमध्ये एकही कोड नसणं म्हणजे साठीच्या माणसाच्या दवाखान्यातल्या फाइलमध्ये साधी सर्दीसुद्धा नसणं. माणूस ठणठणीत आहे असा त्याचा अर्थ होत नाही. फाइल बदलली आहे, असा होतो.

नऊ दिवसांपूर्वी ही बस चारबागच्या स्टँडवर उभी होती. प्रवासी चढत होते. अचानक ती पुढे गेली. फार नाही, दहा-बारा फूट. समोर रेलिंग होतं आणि रेलिंगला टेकून एक हमाल चहा पीत उभा होता. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. बस हायब्रिड होती, म्हणजे तिच्यात डिझेल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही. स्टँडवर इंजिन बंद असतं आणि पहिली हालचाल मोटर करते, बिनआवाजी. हमालाने मान वर करावी असं त्याला काही ऐकूच आलं नाही.

ड्रायव्हरचं नाव रामसजीवन. बख्शी का तालाबचा, पन्नाशीचा, सगळी उमर बस चालवलेला. तो म्हणत होता, मी ॲक्सिलरेटरला पाय लावलाच नाही. बस चालवणारी कंपनी म्हणत होती, लावला. चौकशी संपेपर्यंत तो घरी होता आणि लायसन्स पोलिसांकडे. बसमध्ये दोष नाही असं मी लिहिलं की दोष त्याचा ठरणार, आणि गुन्हाही त्याच्यावरच लागणार. सगळं माझ्या एका ओळीवर अडलं होतं.

‘नो फॉल्ट फाउंड’ या तीन शब्दांवर माझा जुना राग आहे. दोष सापडला नाही, म्हणजे शोधणाऱ्याला सापडला नाही. पण कागदावर उतरलं की त्याचाच अर्थ होतो, दोष नाही. आणि यंत्राचा दोष नसला की तो हवेत विरून जात नाही. जवळपासचा सगळ्यात कमी पगाराचा माणूस शोधतो आणि त्याच्या अंगाला चिकटतो.

मी मिश्राजींना म्हणाले, “आज काही लिहून देणार नाही.” ते मान हलवत निघून गेले.

खरं तर मी बसवाली नाहीच. निशातगंजमधल्या एका गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. तिथे महागड्या जर्मन गाड्या येतात. डॉक्टरांच्या, बिल्डरांच्या, नेत्यांच्या मेव्हण्यांच्या. मालक घाटे सर नागपूरचे. वीस वर्षांपूर्वी एका शोरूममध्ये नोकरीला आले आणि पुढे स्वतःचं वर्कशॉप काढलं. आम्ही मिरजेचे. बाबांची बँकेतली बदली इकडे झाली आणि आम्ही परत गेलोच नाही. माझं काम डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीला काय झालंय ते शोधणं. हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींतून वाहणारी वीज माणूस जागच्या जागी मारू शकते. त्यांना हात लावायचं रीतसर प्रशिक्षण मी घेतलंय. एका खासगी ठेकेदाराने शहरात ट्रायलवर सहा हायब्रिड बस आणल्या, तेव्हा त्याच्या डेपोत असा माणूस नव्हता. ठेकेदाराची स्वतःची गाडी आमच्याकडे यायची. म्हणून दर महिन्याला बसच्या हाय व्होल्टेज भागाची तपासणी आमच्याकडे आली, आणि अपघातानंतर रिपोर्टही. मी तेव्हा चुलतबहिणीच्या लग्नाला मिरजेला होते. परतल्यावर थेट डेपोत गेले.

मिश्राजी गेल्यावर मी आणखी एक आकडा उघडला. तो फार लोक बघत नाहीत. कोणी फॉल्ट कोड पुसले, तर त्यानंतर गाडी किती किलोमीटर धावली याची मोजणी कॉम्प्युटर नव्याने सुरू करतो. तिथेही शून्य होतं. ही बस अपघातानंतर एक इंचही धावली नव्हती. क्रेनने ट्रेलरवर चढवून डेपोत आणली होती. म्हणजे कोड पुसले गेले ते अपघातानंतर. इथे, या डेपोत.

मी मागे जाऊन पाहिलं. सर्व्हिस प्लग काढलेला होता. हा प्लग उपसला की हाय व्होल्टेज बॅटरी उरलेल्या गाडीपासून तुटते. काढणाऱ्याने काम नीट केलं होतं. प्लग पिशवीत बांधून ठेवला होता, जागेवर कुलूप घातलं होतं, लाल पट्टी लावली होती. डेपोत हे कोणाला येत नव्हतं. म्हणजे बाहेरचा कोणी जाणकार येऊन गेला होता.

मी मिश्राजींच्या केबिनमध्ये गेले. “प्लग कोणी काढला?”

“हमें क्या मालूम? एक्सीडेंट के अगले दिन हम थाने में बैठे थे, सुबह से शाम तक.”

“तुमचा स्कॅनर कुठे आहे?”

त्यांनी कपाट उघडून खोकं टेबलावर आदळलं. खोक्यावर बोटभर धूळ होती. मला ती धूळसुद्धा संशयास्पद वाटली. कोणी वापरून वर परत धूळ टाकली असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

मग मी ड्रायव्हरांची तक्रारवही मागितली. पान फाडलेलं असणार याची मला खात्री होती. पान होतं. अपघाताच्या दोन दिवस आधी कोणीतरी वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रेस में झटका मारती है’. इकडे ॲक्सिलरेटरला रेस म्हणतात. खाली दुसऱ्या पेनाने, ‘चेक किया, ओके’. पान फाडलं नाही, कारण कोणी वाचेल अशी त्यांना भीतीच नाही, असा अर्थ मी लावला. तेव्हा मला ज्या गोष्टीचा लावावा तिचा तसाच अर्थ लागत होता.

बाहेर फाटकापाशी रामसजीवन भेटला. रोज येऊन हजेरीची सही करायची त्याला सक्ती होती.

“मैडम, हम झूठ नहीं बोल रहे,” तो म्हणाला. “पैर ब्रेक पे था, हल्का. गाड़ी ने खुद रेस खाई. दो बार पहले भी झटका दिया था, कापी में लिखाए थे.”

“पाहिलं मी. हॅण्डब्रेक ओढला होता?”

“सवारी चढ़ रही थी. दो मिनट का स्टॉप. कौन खींचता है, मैडम?” मग त्यानेच मला विचारलं. “मशीन में तो सब लिखा रहता है न? आप लोग तो वही पढ़ते हैं.”

मी म्हणाले, हो, लिहिलेलं असतं. कोणीतरी ते पुसलंय, हे मला त्याला सांगवलं नाही.

स्कूटर काढण्याआधी मी घाटे सरांना फोन लावला. “सर, कोणीतरी बसचे कोड उडवलेत. अपघातानंतर.”

“उडवले असतील. सगळेच उडवतात. तू पेडल पाहिलं का?”

“सर, हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे.”

“हो, पण पेडल पाहून घे,” ते म्हणाले आणि दुसरा फोन आला म्हणून ठेवला.

मी पेडल पाहिलं नाही. घरी आले आणि चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. दोन पानी. माझं पत्रलेखन लहानपणापासून जोरकस आहे. ‘अपघातानंतर बसच्या स्मृतीतील नोंदी हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आल्या आहेत’ असं पहिलं वाक्य होतं. बसची मोटर आणि तिचा कंट्रोलर जर्मनीहून आलेला होता. आपल्या मालाचं नाव खराब होऊ नये म्हणून त्या कंपनीने माणसं पाठवली असतील किंवा डेपोने स्वतः हे केलं असेल, असं मी लिहिलं. हे काम केवळ जाणकाराचं आहे, सबब गेट रजिस्टर तपासावं, अशी मागणी केली. मिश्राजींचं नाव दोनदा आलं होतं. मग सही केली.

चौकशी अधिकारी वर्मा साहेब परिवहन खात्याचे. बारीक अंगाचे, बोलायला हळू. चारच दिवसांत ते डेपोत आले. मिश्राजींच्या केबिनमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. मिश्राजी माझ्याकडे बघत नव्हते. रामसजीवन दाराशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. फाटकावरचा म्हातारा वॉचमन रजिस्टर घेऊन आला.

वर्मा साहेबांनी अपघाताचा दुसरा दिवस काढला आणि बोट ठेवून वाचू लागले. क्रेनवाला. पोलीस फोटोग्राफर. डिझेलचा टँकर. मग त्यांचं बोट थांबलं.

“जर्मन वाले. दो आदमी. ग्यारह बीस से बारह.”

मी खुर्चीतून उठलेच. “बघा! मी लिहिलं होतं. कंपनीची माणसं येऊन गेली. कोणाला न कळवता!”

मिश्राजी गोंधळून म्हणाले, “साहब, जर्मनी से तो हमारे यहाँ आज तक कोई नहीं आया. मेल का जवाब तक नहीं आता.”

“मग रजिस्टर खोटं बोलतंय?” मी म्हणाले.

वर्मा साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि वॉचमनला विचारलं, “ये जर्मन वाले कौन थे?”

वॉचमनने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाटलं, आपली परीक्षा घेतायत. “यही लोग, साहब. मैडम वाले. निशातगंज में जर्मन गाड़ियाँ बनाते हैं न. सब इनको जर्मन वाले ही बोलते हैं.”

मी परत खुर्चीत बसले.

“मैडम तो नहीं थीं उस दिन,” वॉचमन माझी बाजू घेत म्हणाला. “वो दाढ़ी वाले उस्ताद थे. साथ में एक ड्राइवर.”

मिश्राजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “मैडम, वो चिट्ठी में हमारा नाम दो बार है कि तीन बार?”

वर्मा साहेबांनी रजिस्टर बंद केलं आणि मला तीन दिवस दिले. तीन दिवसांत लेखी खुलासा. नाहीतर उपलब्ध कागदांवर निर्णय. उपलब्ध कागदांत रामसजीवनच्या बाजूने एक वाकडी ओळ होती, आणि तिच्याखाली ‘ओके’.

मी वर्कशॉपमध्ये परतले तेव्हा नईम उस्ताद एका काळ्या सेडानच्या बॉनेटमध्ये वाकले होते. इकडे मुख्य मेकॅनिकला उस्ताद म्हणतात. गाडीत मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलं आहे. घाटे सर शेजारी चहा घेत होते.

“सर, अपघातानंतर बसवर उस्तादांना तुम्ही पाठवलं होतं?”

“हो, मीच. तू लग्नात होती. ठेकेदाराचा फोन आला, बस आणून टाकली आहे, करंट मारणार नाही ना ते पाहून द्या. मी म्हटलं, प्लग काढून या. का?”

“मी तुम्हाला फोन केला होता. कोड उडवलेत म्हणाले होते.”

“तू ‘कोणीतरी’ म्हणाली! मला काय माहीत, तू आपल्याच माणसाबद्दल बोलून राहिली!”

उस्ताद वर झाले. हात पुसत म्हणाले, “क्या हुआ?”

“उस्ताद, बस पे स्कैनर लगाया था?”

“लगाया था. देखना पड़ता है न, लाइन में करंट बचा कि नहीं.”

“और कोड?”

“साफ़ किए होंगे.”

“होंगे नहीं, उस्ताद. किए थे?”

“किए थे,” ते म्हणाले. आवाजात अपराधीपणा अजिबात नव्हता. “रोज़ करते हैं. तुम नहीं करतीं?”

करते. मीही करते. हे इथे समजावून सांगायला हवं. या जर्मन गाड्या नाजूक मिजाजाच्या असतात. मालक परदेशी गेला आणि गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि व्होल्टेज कमी पडलं की एकेक कॉम्प्युटर तक्रार नोंदवू लागतो. स्कॅनर लावला की तीस-चाळीस कोड निघतात. त्यातले बहुतेक खोटे. उपाशी माणसाची चिडचिड म्हणा. म्हणून आमच्या धंद्यातली रीत आहे, आधी सगळं साफ करा, गाडी फिरवून आणा, जे परत येईल तोच खरा आजार. उस्ताद मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, पाटी पुसल्याशिवाय हिशेब करायचा नाही. शिवाय डॅशबोर्डवरचे दिवे विझले की गिऱ्हाईकही खूश. कारसाठी ही रीत चुकीची नाही. पण ज्या गाडीने माणूस जखमी केलाय तिच्यात साफ करायचं काही नसतं. तिथे जे आहे ती साक्ष आहे. उस्तादांनी प्लग काढला, करंट नाही याची खात्री केली, आणि निघता निघता, आपण खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करतो तसं, ‘क्लिअर ऑल’ दाबलं. हेतुपुरस्सर नव्हतं. हेतूच नव्हता.

“टॅबलेट द्या,” मी म्हणाले.

आमचा स्कॅनर टॅबलेटवर चालतो. पुसण्याआधी तो आपोआप एक प्रत ठेवतो. ती कोणी कधी उघडत नाही. मी उघडली. तारीख, वेळ, बसचा नंबर, सतरा कोड. दारांचे, बॅटरीचे, पुढच्या कॅमेऱ्याचे. आणि एक असा: ॲक्सिलरेटर पेडल, सेन्सर एक आणि दोन जुळत नाहीत. तुरळक. आठ वेळा.

“हे घे, मिळालं!” घाटे सर म्हणाले. “आता असं लिही, सर्व्हिसिंगदरम्यान मेमरी रिसेट झाली, प्रत सोबत जोडली आहे. झालं. उस्तादचं नाव कशाला त्यात?”

‘रिसेट झाली.’ मराठीत हे क्रियापद फार सोयीचं आहे. होतं, ते होतं. करणारा कोणी नसतो. चार दिवसांपूर्वी मिश्राजींनी असं वाक्य लिहून दिलं असतं तर मी ते लाल पेनाने अधोरेखित करून वर्मा साहेबांना पाठवलं असतं.

“सर, नाव नसेल तर ते म्हणतील, ही प्रत आपण काल बनवली.”

“आणि नाव घातलं तर बसचं काम जाईल. उस्तादवर पोलीस आले तर? पुरावा मिटवला म्हणून? तूच तसं लिहून बसली ना!”

खरं होतं. तो शब्द माझाच होता. मी उस्तादांकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने मला कधी ‘लडकी होकर’ ऐकवलं नाही. ते बराच वेळ काळ्या गाडीच्या बॉनेटवरचा एक डाग पुसत राहिले.

“उस ड्राइवर का क्या होगा?” त्यांनी विचारलं.

“जेल भी हो सकती है.”

“तो लिखो. और नाम पूरा लिखना. नईम अहमद. उस्ताद-वुस्ताद काग़ज़ पे नहीं चलता.” मग जरा घुश्शातच, “और ये भी लिखना कि प्लग हमने ठीक निकाला था.”

मी सगळं लिहिलं. कोणी पुसलं, का पुसलं, ही आमच्या वर्कशॉपची रोजची रीत आहे आणि मीही तीच पाळते, हेसुद्धा. आधीच्या पत्रातले आरोप मागे घेतले. मिश्राजींची माफी मागितली, नाव घेऊन, दोनदा.

वर्मा साहेबांनी खुलासा शांतपणे वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “देखिए, आप लोगों ने ही मिटाया, और आप ही की मशीन में निकल आया. मैं यक़ीन किस बात पर करूँ?”

त्यांच्या जागी मी असते तर हाच प्रश्न विचारला असता, आणि एवढ्या सभ्य शब्दांत नाही.

“माझ्यावर ठेवू नका,” मी म्हणाले. “बसपाशी चला.”

घाटे सरांनी दोनदा सांगितलेलं काम मी अखेर केलं. पेडलपाशी गेले. हायब्रिड बसच्या ॲक्सिलरेटरला तार नसते. पेडल किती दाबलंय ते दोन सेन्सर मोजतात आणि कॉम्प्युटरला सांगतात. दोन अशासाठी, की एक चुकला तर दुसऱ्यावरून चोरी पकडता यावी. दोघांचं जुळलं नाही तर कॉम्प्युटर मोटरची ताकद काढून घेतो. ड्रायव्हरला फक्त झटका जाणवतो. आठ वेळा हेच झालं होतं. पण दोघे एकाच वेळी, एकच खोटं बोलले तर कॉम्प्युटर विश्वास ठेवतो.

पेडलच्या मागे, फरशीलगत, वायरचा जोड होता. वर्मा साहेबांच्या देखत मी तो उपसला. आत पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि रबराच्या कडेला पाण्याचा थेंब. एवढ्या दिवसांनंतरही. त्यांनी स्वतःच्या फोनवर फोटो काढला.

“यहाँ पानी कहाँ से आया?” त्यांनी विचारलं.

मग मिश्राजी म्हणाले, “साहब, धुलाई से. केबिन रोज़ पाइप मार के धुलती है. पान-मसाले के दाग़ पड़ते हैं. पुरानी बसों में भी ऐसे ही धोते थे.”

जुन्या डिझेल बसमध्ये पेडलखाली नुसती लोखंडी तार असायची. तिला पाण्याचं काय? डेपोने नवी बस जुन्या सवयीने धुतली. आम्ही बस कारच्या सवयीने पुसली.

मी जोड परत बसवला. सर्व्हिस प्लग काढलेलाच होता, त्यामुळे बस हलण्याचा प्रश्न नव्हता. सेन्सर साध्या बॅटरीवर वाचता येतात. लॅपटॉपवर दोन रेषा दिसू लागल्या, दोन्ही तळाशी. वर्मा साहेब म्हणाले, “सीट पे मैं बैठूँगा. पेडल को आप लोग कोई हाथ मत लगाइए.” ते ड्रायव्हरच्या सीटवर चढले आणि पेडलला चुकून पाय लागू नये म्हणून त्यांनी बूट काढून चक्क मांडी घातली. मी काच पुसायच्या बाटलीतून जोडावर पाण्याचे दोन फवारे मारले आणि वायर हलवली.

आधी काही झालं नाही. मी पुन्हा हलवली. रेषा एकमेकींपासून फाटल्या, जुळल्या, परत फाटल्या. मग दोन्ही एकदम वर चढल्या, बरोबरीने, पेडल चाळीस टक्के दाबलंय असं सांगत. मांडी घातलेले वर्मा साहेब आधी स्क्रीनकडे आणि मग खाली, कोणीही न दाबलेल्या पेडलकडे बघत राहिले.

दाराशी उभा असलेला रामसजीवन हळूच म्हणाला, “यही, साहब. यही हुआ था.”

निर्णय महिन्याभराने आला. दोष पेडलच्या जोडाचा, कारण पाण्याने केबिन धुणं. रामसजीवनवर गुन्हा लागला नाही, लायसन्स परत मिळालं. हॅण्डब्रेक न ओढल्याबद्दल लेखी ताकीद मात्र मिळाली, कारण ते मी माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. ओढला असता तर हमालाचा पाय कदाचित वाचला असता, आणि हेही खरंच होतं. रामसजीवनला ते आवडलं नाही. आता तो बख्शी का तालाबच्या रूटवर जुनी डिझेल बस चालवतो, स्वतः मागून घेतलेली. परवा दिसला. “हाइब्रिड पे भरोसा नहीं रहा, मैडम,” म्हणाला. मग प्रामाणिकपणे, “आप पे भी थोड़ा कम.” हमालाचा पाय जुळला आहे, पण त्याला ओझं उचलता येत नाही.

नईम उस्तादांना वर्मा साहेबांनी एकदा बोलावून तंबी दिली आणि सोडलं. बसचं काम आमच्याकडून गेलं. घाटे सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मिश्राजींनी माफीच्या पत्राची प्रत मागून घेतली. केबिनमध्ये काचेखाली लावली आहे, असं ऐकते. लावू देत.

वर्कशॉपमध्ये आता नियम आहे. आधी वाचायचं, प्रत काढायची, मगच पुसायचं. नियम मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. त्याच्यापुढे धडा म्हणाल तर एवढाच, की दुसऱ्याच्या डेपोत पुरावा शोधायला जाण्याआधी आपल्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न नाव घेऊन विचारावा: त्या दिवशी तिथे आपल्यातलं कोण गेलं होतं? मी ‘कोणीतरी’ असं म्हटलं होतं. त्याला कोणी ओ देत नाही.